डावीकडे कोणी नाही

आमच्या घरातून सगळ्यात आधी चटणी नाहीशी झाली. मग कोशिंबीर गेली, मग लिंबाची फोड, आणि शेवटी मीठसुद्धा.

"आज चटणीला रजा आहे का?" मी जेवता जेवता विचारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि आमटी ढवळत राहिली. दुसऱ्या दिवशी मी कोशिंबिरीची चौकशी केली. पुण्यात असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. टोमणा जपून ठेवायचा असतो आणि योग्य वेळ आली की परत करायचा असतो. तिला वाटलं, मला तिच्या हातची कोशिंबीर आवडेनाशी झालीय आणि सरळ सांगायची हिंमत नाही म्हणून मी नाटक करतोय. नाटकं करण्याबद्दल माझी घरात ख्याती होतीच, त्यामुळे तिची काही चूक नाही.

एका दुपारी ती योग्य वेळ आली. तिने माझं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि अर्धं फिरवलं.

"घ्या. रोज वाढतेय."

आता आमच्याकडे ताट वाढायची रीत पक्की आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी आणि आमटी उजवीकडे. ताट फिरताच रजेवर गेलेली सगळी मंडळी माझ्यासमोर हजर झाली. मी आनंदाने चटणीला बोट लावलं, चाटलं, आणि म्हणालो, "वा. पण भाजी कुठे नेलीस?"

ती तशीच उठली, चपला घातल्या आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन आमच्या गाडीची डावी बाजू बघून आली.

या गाडीबद्दल सांगायला हवं. आमच्या घराण्यातली ती पहिली चारचाकी. वडील आयुष्यभर नारायण पेठेतून सायकलने कचेरीत गेले. मी मात्र चाळिशीत कॉम्प्युटर शिकलो, हडपसरच्या आयटी पार्कात लागलो, धायरीला फ्लॅट घेतला आणि पाठोपाठ गाडी आणली. ऑफिसात सगळी माझ्या पुतण्यांच्या वयाची पोरं. त्यांच्यासमोर बोटावर किल्ली फिरवत उतरणं एवढी एकच गोष्ट मला त्यांच्यापेक्षा बरी जमायची. गाडी नसती तर मी नुसता एक टक्कल पडलेला सहकारी उरलो असतो.

"अहो, डावा आरसा कुठेय?" बायकोने वर येऊन विचारलं.

"असेल की."

"नाहीये. आणि दारावर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा हिरवा रंग आहे."

मी म्हणालो, रिक्षावाले. हे उत्तर पुण्यात कुठल्याही प्रश्नाला चालतं.

खरं म्हणजे काहीतरी विचित्र चाललंय हे मला जाणवत होतं. रस्त्यावर माणसं एकदम उगवायची. तोंडाला ओढणी गुंडाळलेली स्कूटरवाली हवेतून प्रकट व्हायची, मला काहीतरी ऐकवायची आणि अंतर्धान पावायची. पण या शहरात गाडी चालवणाऱ्या कुठल्याही धडधाकट माणसाला विचारा, तोही शपथेवर हेच सांगेल. डावीकडे न बघता वळणं हे इथे आजाराचं लक्षण कसं मानणार? निम्मं गाव ॲडमिट करावं लागेल. शेजारच्या सीटवर बसलेली बायकोही गाडी सुरू झाली की दिसेनाशी व्हायची, फक्त आवाज यायचा. तेही मी संसाराचा भाग म्हणूनच धरलं होतं.

बायको मला ज्यांच्याकडे घेऊन गेली त्या मेंदूच्या डॉक्टरांनी मला त्यांच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हात वर केले.

"कुठलं बोट हलतंय?"

"उजवीकडचं."

"आता?"

"आता तुम्ही थांबलात."

मागून बायकोचा सुस्कारा ऐकू आला. डावीकडचं बोट तेव्हा म्हणे पंख्यासारखं हलत होतं. मग मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मी बारा ते सहा असं सुबक घड्याळ काढलं आणि खाली झोकात सही केली.

"डोळे उत्तम आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाले. "मेंदूच्या उजव्या बाजूला छोटा झटका येऊन गेलाय. डोळे डावीकडचं दाखवतात, मेंदू ते घ्यायला तयार नाही. आणि घेत नाही हेही तो तुम्हाला सांगत नाही."

"झटका आला कधी?"

"ते तुम्हाला कळलं नाही. झोपेतही आला असेल."

चहासुद्धा न घेता गेला म्हणजे. पक्का पुणेकर झटका.

"गाडी बंद," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत. कदाचित कायमची. रोज मान वळवून डावीकडे बघायचा व्यायाम करा."

घरी येताना रिक्षात मी बायकोला पटवून दिलं की हे दवाखान्यातलं बोटांचं शास्त्र आहे, रस्ता वेगळा. तिने वाद घातला नाही. म्हणाली, "रविवारी सोसायटीच्या मैदानात चालवून दाखवा. मग बघू."

सोसायटीच्या सेक्रेटरींना पंच नेमलं. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. लिफ्टमधली कुजबुजही त्यांच्या मंजुरीशिवाय होत नसे. मुलांना गॅलऱ्यांत पाठवून त्यांनी समारंभाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोन रांगांत मांडल्या. मधून गाडी न्यायची, एकाही खुर्चीला धक्का लावायचा नाही.

मी किल्ली बोटावर फिरवली, गॅलऱ्यांकडे बघून मान लववली आणि निघालो. उजवीकडची रांग अशी झोकात सांभाळली की काय सांगू. एक खुर्ची हलली नाही. खालून थोडा खरखराट येत होता, तो मी मैदानाच्या निकृष्ट मुरमाच्या खात्यावर टाकला. गॅलऱ्यांमधून हशा आला, तो मला कौतुकाचा वाटला. शेवटाला गाडी थांबवून मी काच खाली केली.

"बोला. लागला धक्का?"

सेक्रेटरी गाडीपुढे जाऊन वाकले आणि डाव्या चाकापुढची खुर्ची ओढून काढली. तिच्यात दुसरी अडकली होती. दुसरीत तिसरी.

"धक्का नाही म्हणता येणार," ते म्हणाले. "आपण यांना सोबतच घेऊन आलात."

मी उतरलो, सेक्रेटरींना सुरुवातीच्या टोकाला नेलं आणि तिथून पाहिलं. उजवीकडे खुर्च्यांची सरळ रांग उभी होती. "डावीकडे तुम्ही खुर्च्या मांडल्याच नव्हत्या," मी म्हणालो, आणि तेव्हाही मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

बायको माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. "तिथे खुर्चीऐवजी कुणाचं पोर असतं तर?" तिने हळूच विचारलं.

मी किल्ली तिच्या हातात दिली. आयुष्यात कुठलीही वस्तू मी इतक्या कमी संवादांत दिलेली नाही.

तिने ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि मी ऑफिसच्या बसने जायला लागलो. पोरं मला आवर्जून डावीकडच्या खिडकीपाशी जागा द्यायची, म्हणजे सगळी बस माझ्या उजवीकडे येई आणि माझे किस्से मला पूर्ण श्रोतृवर्गाला सांगता येत. घरात मी सुचवून पाहिलं की चटणी-कोशिंबीर तेवढी उजवीकडे वाढावी.

"मेंदू बिघडला म्हणून वाढायची पद्धत बदलायची नाही," ती म्हणाली. "मान वळवा."

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते फार खूश झाले. म्हणाले, याहून चांगला व्यायाम माझ्याकडेही नाही.

लायसन्स मिळाल्यावर तिने मला पहिल्यांदा सिंहगड रोडला नेलं. मी डावीकडे बसलो, ती स्टिअरिंगवर. कित्येक महिन्यांनी गाडीत ती मला आख्खी दिसत होती, कानातल्यासकट, दातांत धरलेल्या ओठासकट. मी बघतच राहिलो. पण आपल्याकडे डावीकडे बसणाऱ्याला कामही असतं. मुख्य रस्त्याच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली.

"डावीकडून कोणी येतंय?"

"कोणी नाही. काढ."

तिने काढली नाही. क्षणभराने माझ्या नाकापुढे एक आख्खी बस उगवली आणि उजवीकडे निघून गेली.

"ही कोण होती मग?"

"आत्ताच आली."

"अहो, आधी मान, मग तोंड."

मी हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत मान वळवली. तिकडे खरोखरच एक रस्ता होता. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, एक टेम्पो होता, दोन म्हशी होत्या आणि फोनवर बोलत उलट्या दिशेने येणारा एक मोटरसायकलवाला. सगळे जाईपर्यंत मी त्यांची नावानिशी घोषणा केली.

"आता काढ," मी म्हणालो.

तिने माझ्या पलीकडे वाकून एकदा स्वतः पाहिलं, आणि मग काढली.