पुलावरचा पाठलाग

योमकाका चित्रपट आधी आवाज बंद करून पाहत. पडद्यावर बंदूक उडाली तरी हलत नसत, दार उघडलं की दचकत. शेवया पातेल्याच्या झाकणावर घेऊन उभ्यानेच खात. तुताऱ्यांची सुरावट लिहिताना स्वतःचे गाल फुगवत. आपलं संगीत असलेला चित्रपट थिएटरात कधी पाहिला नाही. बाहेर उभे राहत आणि लोक घाम पुसत निघतात का, तेवढं बघत.

सोलमधल्या घरात ते तळमजल्यावर राहत आणि त्यांची भाडेकरू इन्सोन वरच्या खोलीत. ती साहित्य शिकलेली, नोकरी शोधणारी.

त्या वर्षी ते दिग्दर्शक प्यो यांच्या मारधाडपटाचं संगीत करत होते. नवं तयार होईपर्यंत संकलक दृश्याखाली जुनं काहीतरी लावून ठेवतात. हान नदीच्या पुलावरच्या पाठलागाखाली काकांनी स्वतःचंच एक जुनं संगीत दिलं.

"दुसऱ्याचं लावलं असतं तर प्योला त्याचीच सवय लागली असती," ते इन्सोनला म्हणाले. "लागायचीच तर माझी लागू दे."

लागली. हिवाळाभर प्यो तेच ऐकत राहिले. त्याचे हक्क मात्र त्या जुन्या चित्रपटाच्या निर्मात्याकडे होते आणि तो द्यायला तयार नव्हता.

काकांनी नवं लिहिलं. प्यो म्हणाले, "छान आहे, पण ते नाही." पुन्हा लिहिलं. प्यो यांचा वकील म्हणाला, "हे तर तेच आहे."

"राग मानू नका सर," प्यो फोनवर म्हणाले, "पण जुन्यात त्या माणसाला धाप लागायची."

"जुन्यात मी तरुण होतो."

"काका, दुसऱ्या कुणासारखं लिहा की," इन्सोन म्हणाली.

"दुसऱ्यासारखं जमतं गं. माझ्यासारखं न लिहिणं जमत नाही. तुमच्या कॉलेजात शिकवतात का ते?"

"शिकवलं असेल. म्हणून तर बेकार आहे."

ते हसले. टाच मात्र जमिनीवर आपटत राहिली.

ध्वनिमुद्रणाची तारीख हलणार नव्हती. वादक पुढे दौऱ्यावर जाणार होते. आदल्या संध्याकाळी काका जिना चढून वर आले.

"सापडलं! बासरीवाल्यांना सूर लावूच देत नाही. नुसती हवा फुंकायची. सगळ्या वाद्यवृंदाला धाप लागते, ऐकशील तू. अर्धं पाठवलंय. उरलेलं सकाळी."

सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. झोपेतच हृदय थांबलं होतं.

इन्सोनने प्यो यांना फोन केला.  ते म्हणाले, "टेबलावर असेल ते घेऊन ये."

ती स्टुडिओत पोचली तेव्हा वादक बसले होते. पाठवलेल्या अर्ध्या भागाच्या प्रती त्यांच्यापुढे होत्या. पडद्यावर माणूस पुलावर धावू लागला. बासऱ्यांतून श्वास निघाला, मग खालून ढोल. प्यो खुर्चीवरून उठले.

"हेच," ते म्हणाले. "अहो, हेच."

पुलाच्या मध्यावर प्रती संपल्या. वाद्यवृंद थांबला. माणूस आवाजाविना धावत राहिला.

"पुढे जुनंच लावता येईल का?" कुणीतरी हळूच विचारलं.

"तेच तर लावता येत नाही," प्यो म्हणाले आणि त्यांनी कागदांसाठी इन्सोनपुढे हात केला.

तिने आणलेल्या कागदांवर काकांनी मात्रा मोजून रेघा आखून ठेवल्या होत्या. शेवटच्या रेघेपाशी लिहिलं होतं, 'इथे तो पडतो.' मधलं सगळं लिहायचं राहिलं होतं.