ग्लासावरची पहिली रेघ

माया रामटेके चालते तेव्हा तिच्या पिशवीत काहीतरी वाजत असतं. कधी चुंबकाला चिकटलेले खिळे, कधी टाचण्यांची डबी. ग्लास मात्र वाजत नाही, तो जुन्या ओढणीत गुंडाळलेला असतो. उत्तरेकडच्या त्या शहरात इंदिरा नगर वस्तीतून महानगर नावाच्या वस्तीतल्या शाळेपर्यंत ई-रिक्षात ती पिशवी मांडीवर धरून बसते. शेजारच्या बाईने "बहनजी, नीचे रख दीजिए" म्हटलं तरी ठेवत नाही. सत्तावीस वर्षं ती असंच जाते-येते. मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, ती नववी-दहावीला विज्ञान शिकवते. येत्या मार्चमध्ये निवृत्त होईल.

शाळेला प्रयोगशाळा आहे आणि प्रयोगशाळेला कुलूप आहे. काच फुटली तर लेखी कारण द्यावं लागतं, म्हणून कुणी काचेला हात लावत नाही. मुली जाळीच्या दारातून परीक्षानळ्या बघतात. पहिल्या वर्षी माया किल्लीसाठी तीनदा भांडली. मग तिने ते सोडून दिलं आणि घरच्या वस्तू न्यायला लागली. गेलेल्या बल्बमध्ये पाणी भरून भिंग केलं. बाटली कापून आत दोन फुगे बसवून फुफ्फुसं केली. हळदीत बुडवून वाळवलेले कागद केले, साबण लागला की लाल होणारे. नवरा देवानंद दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेला माणूस. एकदा दाढीचा आरसा जागेवर नाही म्हणून तो अर्धा तास शोधत राहिला. तो आरसा नववी 'ब'मध्ये प्रकाशाचं परावर्तन शिकवत होता.

या सगळ्यांत नाव झालं ते मेणबत्तीच्या प्रयोगाचं. थाळीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर पालथा ग्लास. ज्योत बारीक होत विझते आणि थाळीतलं पाणी आपोआप ग्लासात चढतं. ग्लासाचे पाच सारखे भाग करून मायाने लाल नेलपेंटने रेघा ओढल्या होत्या. पाणी पहिल्या रेघेवर येऊन थांबायचं. अगदी रेघेवर. मग माया म्हणायची, हवेचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन, तो जळून गेला, त्याच्या जागी पाणी आलं. मुली टाळ्या वाजवायच्या. दरवर्षी तितक्याच जोरात.

यंदा जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाने ठरवलं की प्रयोगशाळा नसलेल्या शाळांसाठी छोटे व्हिडिओ करायचे. दोनशेवर शाळा होत्या. त्रिपाठीजी म्हणून एक उत्साही गृहस्थ ते काम बघत होते. त्यांनी मायाचा मेणबत्तीचा प्रयोग निवडला. मंगळवारी चित्रीकरण, खाली नाव येणार: श्रीमती माया रामटेके, विज्ञान शिक्षिका. मायाने वरवर फारसं दाखवलं नाही, पण तिला ते हवं होतं. मार्चनंतर पिशवी रिकामी होणार होती. तिच्यातली एक तरी गोष्ट दोनशे वर्गांत चालू राहावी, इतकंच तिच्या मनात होतं.

शुक्रवारी तिने नववी 'ब'मध्ये तालीम घेतली. ज्योत विझली, पाणी रेघेवर आलं, टाळ्या झाल्या. तिसऱ्या बाकावरची शाइस्ता टाळ्या न वाजवता उभी राहिली. ती चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यातून येते. आई चिकनकारीचं भरतकाम करते आणि शाळा सुटल्यावर तीही आईशेजारी सुई घेऊन बसते. तिला एक टाका चुकलेला दुरून दिसतो.

"मैम, चार मोमबत्ती लगाएँ तो?"

"तो क्या? जल्दी बुझेंगी. पानी उतना ही चढ़ेगा. ग्लास में हवा तो उतनी ही है न."

"लगा के देखें?"

वर्ग हसला. माया पण हसली. मेणबत्तीचे चार तुकडे करून तिने पेटवले आणि ग्लास ठेवला. चारही ज्योती विझल्या. पाणी चढलं, पहिली रेघ ओलांडली, दुसरीच्याही वर जाऊन थांबलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "ऑक्सीजन बढ़ गया!" आणि वर्ग पुन्हा हसला.

"थाली टेढ़ी है," माया म्हणाली.

शाइस्ताने थाळीकडे पाहिलं. पाणी चहूकडून सारखं होतं. "जी, मैम," ती म्हणाली आणि खाली बसली. त्या 'जी'मध्ये उद्धटपणा नव्हता. असता तर मायाला बरं वाटलं असतं.

घरी येताना तिने ई-रिक्षा एक चौक आधीच सोडली आणि चालत राहिली. भाजी घ्यायची होती, ती घेतली नाही. घरी आल्यावर पिशवी जागेवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. थाळी सरळ होती हे तिला माहीत होतं. आणखी एक गोष्ट तिला माहीत होती आणि ती आता आतून वर यायला लागली होती.

सुरुवातीच्या वर्षांत पाणी रेघेवर थांबत नसे. कधी अर्ध्यातच अडायचं, कधी दुसऱ्या रेघेकडे धावायचं. माया तेव्हा रोज शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात ग्लास ठेवून बघायची. हळूहळू हात बसला. मेणबत्ती बोटाच्या दोन पेरांएवढी हवी. ग्लास झटकन ठेवायचा. हळू ठेवला तर पाणी जास्त चढतं. नवीन शिक्षिका विचारायला आल्या की ती त्यांनाही हेच सांगायची, झटकन ठेवा. हळू ठेवल्यावर पाणी जास्त का चढतं, हे कुणी विचारलं नाही. तिनेही नाही. उत्तर आधीच ठरलेलं होतं. तिने पाण्याला त्या उत्तरापर्यंत यायला शिकवलं होतं.

शनिवार असाच गेला. रविवारी दुपारी तिने स्वयंपाकघरात मंद आचेवर तवा ठेवला आणि तव्यावर तो ग्लास, तोंड वर करून. थाळीत कोमट पाणी घेतलं. ग्लास चांगला तापल्यावर फडक्याने धरून थाळीत पालथा घातला. मेणबत्ती नाही. ज्योत नाही. आत काहीही जळत नव्हतं.

देवानंद चहाचं विचारायला दारात आला. "काऊन गं, ग्लास भाजून राहिली का?"

"थांबा. बोलू नका."

ग्लास गार होत गेला. पाणी हळूहळू वर सरकलं, पहिल्या लाल रेघेच्या जरासं खाली येऊन थांबलं.

"येते की बराबर," देवानंद म्हणाला. "मंगळवारची तयारी झाली म्हणायची."

"अहो, आत मेणबत्ती कुठं आहे?"

त्याने वाकून पाहिलं. मग स्टूल ओढून बसला. तारांमधला बिघाड शोधण्यात ज्याची सगळी नोकरी सरली त्याला वेगळं सांगावं लागलं नाही, तरी मायाने शाइस्ताच्या चार मेणबत्त्यांपासून सगळं सांगितलं. हवा तापली की फुगते आणि ग्लास टेकण्याआधीच बरीचशी बाहेर निघून जाते. ज्योत विझली की आतली हवा गार होते, आकसते, आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी येतं. चार मेणबत्त्या म्हणजे जास्त ऊन हवा. हळू ठेवलं म्हणजे ज्योतीला हवा तापवायला जास्त वेळ. ऑक्सिजन थोडा वापरला जातो, पण तो संपण्याच्या खूप आधी ज्योत विझते. ग्लासात पाणी चढवणारा तो नव्हेच.

"मग सत्तावीस वर्षं...?"

"हो."

"पुस्तकात काय आहे?"

"मी शिकले त्या पुस्तकात हेच होतं. तुमसरला आमच्या मास्तरांनी फळ्यावर चित्र काढलं होतं. ग्लास, मेणबत्ती, पाण्याची रेघ. प्रयोग कुणी दाखवला नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुली डोळ्यांनी बघतील." तिने थाळीतला ग्लास उचलला. मग म्हणाली, "मी ते चित्रच दाखवत राहिले. खऱ्या पाण्याने."

देवानंदने गॅस बंद केला. तवा तेव्हापासून तसाच तापत होता.

मुलगा अनुप बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होता. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतच येतं. तो तिथूनच म्हणाला, "मम्मी, यार, दूसरा प्रयोग कर दो. फेफड़े वाला. किसी को पता भी नहीं चलेगा."

"शाइस्ताला माहीत आहे."

"वो बच्ची है."

"म्हणूनच."

"अच्छा, तो फिर मना कर दो."

 फुफ्फुसांचा प्रयोग निर्धोक होता. नाव आलं असतं, दोनशे शाळा मिळाल्या असत्या आणि मार्च शांतपणे आला असता. संध्याकाळपर्यंत माया याच गोष्टीभोवती फिरत राहिली. एकदा तिने फुग्यांची बाटली पिशवीत भरलीसुद्धा. मग काढली.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिने त्रिपाठीजींना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"मैडम, स्क्रिप्ट पास हो चुकी है," ते म्हणाले. "आप तो बस ग्लास रख दीजिए. बच्चे थोड़े ही चार-चार मोमबत्तियाँ लगाने बैठेंगे."

"एक ने लगाई है."

"तो उसे बैठा दीजिए, मैडम!" ते मनापासून हसले. वाईट माणूस नव्हता. त्यांना सात दिवसांत बावीस व्हिडिओ संपवायचे होते.

मंगळवारी कॅमेऱ्यासाठी प्रयोगशाळा उघडली. टेबलं पुसली होती, कपाटांच्या काचा चमकत होत्या, एका सांगाड्याला नवा हुक लावला होता. इस्त्रीचे गणवेश घातलेल्या वीस मुली स्टुलांवर बसल्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा आत आल्यामुळे माना फिरवून छताकडे, नळांकडे, नळ्यांकडे बघत होत्या. "कैमरे की तरफ़ मत देखना," त्रिपाठीजी सांगत होते. कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. शाइस्ता शेवटच्या रांगेत होती.

मायाने ओढणी सोडून ग्लास काढला. हात नेहमीसारखा चालला. मेणबत्ती दोन पेरांची, ग्लास झटकन. ज्योत विझली. पाणी चढलं आणि रेघेवर थांबलं. अगदी रेघेवर.

"वाह!" त्रिपाठीजी कॅमेऱ्यामागून कुजबुजले.

आता एक वाक्य बोलायचं होतं. ते तिला झोपेतही आलं असतं. तिने रेघेकडे पाहिलं. नेलपेंट एका टोकाला उडालं होतं, मागच्या दिवाळीत तिने त्यावर पुन्हा हात फिरवला होता.

"मैं यह सत्ताईस साल से दिखा रही हूँ," ती म्हणाली, "और इसका जो मतलब बताती आई हूँ, वह ग़लत है. शाइस्ता, इधर आओ."

"कट, कट," त्रिपाठीजी म्हणाले. "मैडम, क्या कर रही हैं?"

"पढ़ा रही हूँ."

"यह नहीं जाएगा, मैडम."

"मालूम है."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा गेला. शाइस्ता पुढे येऊन टेबलाजवळ उभी राहिली होती. तिने आधी त्रिपाठीजींकडे पाहिलं, मग मायाकडे.

"थाली टेढ़ी नहीं थी," माया तिला म्हणाली. "मैंने झूठ कहा था."

शाइस्ताचे कान लाल झाले. तिने मेणबत्तीचे चार तुकडे थाळीत उभे केले, ज्योती पेटवल्या, आणि ग्लास हातात घेऊन थांबली. "मैम, धीरे रखूँ या झट से?"

"दोनों तरह. पहले धीरे."

मुली स्टुलांवरून उठून टेबलाभोवती गोळा झाल्या. पाणी तिसऱ्या रेघेकडे निघालं. मागे त्रिपाठीजी फोनवर सांगत होते की दुसऱ्या शाळेतल्या चतुर्वेदी मैडमना विचारा, फेफड़े वाला प्रयोग त्या उद्या करतील का. कॅमेरावाला तिपाई आवरता आवरता थांबला आणि मुलींच्या डोक्यांवरून पाण्याकडे बघत राहिला. तास संपेपर्यंत मुलींनी अकरा वेळा ग्लास ठेवला आणि अकराही वेळा पाणी वेगळ्या जागी थांबलं. मग शिपाई आला आणि दाराला कुलूप लागलं.

परत येताना माया ई-रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन बसली. हलकं वाटायला हवं होतं असं तिला वाटत होतं. तसं वाटत नव्हतं. दोनशे वर्ग गेले होते, पण ती त्यांचा विचार करत नव्हती. मागच्या सत्तावीस वर्षांतल्या वर्गांचा करत होती. तिने फोन काढला. जुन्या विद्यार्थिनींचा एक ग्रुप होता. त्यातल्या दहा-बारा जणी आता स्वतः शिक्षिका झाल्या होत्या. तिने लिहिलं की मेणबत्तीच्या प्रयोगाचं मी सांगितलेलं कारण चुकीचं होतं, ग्लास हळू ठेवून बघा, चार मेणबत्त्या लावून बघा. पाठवलं आणि फोन पालथा घातला.

कपूरथला बाजाराजवळ गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा फोन थरथरला. बाराबंकीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या सुमनचा निरोप होता. मायाला ती आठवत होती. दोन वेण्या, कायम पहिला बाक.

"मैम, हमारा पानी तो हमेशा ज़्यादा चढ़ता था. नौ साल से. हमें लगता था हमारा हाथ ठीक नहीं, इसलिए बच्चों को यह प्रयोग दिखाना ही छोड़ दिया."

मायाने तो दोनदा वाचला. मग लिहिलं, "तुम्हारा हाथ ठीक था."

रिक्षा हलली. शेजारची बाई म्हणाली, "बहनजी, नीचे रख दीजिए, आराम से बैठिए." मायाने मान हलवली आणि पिशवी आणखी जवळ ओढली. ग्रुपवर चौसष्ट जणी होत्या. बाकीच्यांनी अजून काही लिहिलं नव्हतं. ती फोन हातात धरून एकेकीचं नाव वाचत राहिली.