कुमुदकाकूंच्या फॉर्मवरचा आकडा

घरात कुणाला हे माहीत नाही. दवाखान्यातही नाही. पहिल्यांदाच कुणाशी बोलते आहे, म्हणून अडखळेन.

मी गुढियारीतल्या एका लहान दवाखान्यात नर्स आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा आम्ही फॉर्म भरतो. वय, बीपी, शुगर, तंबाखू. मग तक्त्यात रंग बघायचा. लाल निघाला तर लकव्याचा किंवा हार्टचा धोका मोठा. त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांसमोर बसवायचं, गोळ्या सुरू करायच्या, पुढे घरी जाऊन बघत राहायचं. लकवा आधीच टाळता येतो — हे बायकांना मीच सांगायचे. मीच!

कुमुदकाकू आमच्या गल्लीतल्या. मूळच्या अकोल्याच्या, काका रेल्वेतून रिटायर झालेले. काकूंचं बीपी एकशे अठ्ठ्याहत्तर आलं. पुन्हा घेतलं — एकशे ब्याऐंशी. तंबाखूचं विचारलं तर कानाशी येऊन म्हणाल्या, "गुडाखू लावतो मी दातांले. यायले नको सांगू, पोरी."

गुडाखू म्हणजे गुळातली तंबाखूच, तरी मी लिहिलं : तंबाखू — नाही. आणि बीपी? एकशे अठ्ठावीस. रंग हिरवा.

का? काकूंची लाज राखली, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. पण मग बीपी का बदललं? डॉक्टरांच्या दाराशी मोठी रांग होती. काकूंना घेऊन तिथे थांबावं लागलं असतं — आणि गोल बाजारात बहीण साड्या बघायला माझी वाट पाहत होती. बस. एवढंच होतं ते.

"काही निघालं काय व?"

"काही नाही काकू. एकदम नॉर्मल."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. खूश होऊन गेल्या.

चार महिन्यांनी काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी फॉर्म काढून पाहिला. "इसमें तो कुछ नहीं था," म्हणाले. मी नुसती मान हलवली.

मग घरी भेटायला गेले. काकांना गादीखाली गुडाखूची डबी सापडली होती. ती दाखवत म्हणाले, "हिनंच स्वतःच्या हातानं करून घेतलं सारं. तू तर तपासलं होतं न? नॉर्मल होतं न तवा?"

"हो काका," मी म्हणाले.

काकूंच्या उशाशी उभी राहून म्हणाले. त्यांना सगळं समजतं — फक्त बोलता येत नाही. गुडाखूचं आपण सांगितलं होतं, हे त्यांना आठवत असेल का? त्या माझ्याकडे बघत होत्या. मी चादर नीट केली आणि निघाले.

दोन वर्षं झाली. हात आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. काका म्हातारे झालेत. भरवताना, कूस बदलताना काकूंनाच दोष देतात — रोज. माझ्या एका वाक्यानं ते थांबलं असतं. मी ते बोलले नाही. उद्या बोलेन, असंही आता म्हणत नाही.

काकू ऐकत पडून असतात.