वेलांटीकाका आणि एककानी कप्तान

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. प्रुफं तपासणं हा त्यांचा धंदा आणि माणसांच्या चुका काढणं हा छंद. एकोणतीस वर्षं त्यांनी कायद्याची पुस्तकं, खतांची माहितीपत्रकं आणि औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना वाचल्या होत्या, आणि त्यातल्या एकाही ओळीचा अर्थ डोक्यात शिरू दिला नव्हता. अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते, असं त्यांचं ठाम मत होतं. कादंबऱ्या वाचणाऱ्यांची त्यांना कीव यायची. जे घडलंच नाही ते वाचून रडणारी ही माणसं मतदानही करतात, याची त्यांना खरोखर काळजी वाटे. त्यांच्या बायकोला कादंबऱ्या फार आवडत, त्यामुळे कीव करायला लांब जावं लागत नसे.

कादंबऱ्यांची प्रुफं एक तरुण सहकारी बघायची. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि समुद्री चाच्यांची एक जुनीपुराणी, गाजलेली कादंबरी काकांच्या टेबलावर येऊन पडली. तिच्यावर सिनेमा येत होता म्हणून नवी आवृत्ती काढायची घाई होती. काकांनी मुखपृष्ठावरचा एका कानाचा कप्तान बघितला आणि हे पोरासोरांचं आहे, एवढंच म्हणाले.

पहिली साठ पानं लालेलाल झाली. एकसष्टाव्या पानावर कप्तानाने पिण्याचं पाणी लपवून स्वतःच्याच खलाशांना फसवलं. मग जहाजावर बंड झालं, निम्मे लोक ओसाड बेटावर सोडले गेले आणि काकांचा चहा गार झाला. चार दिवसांचं काम त्यांनी दीड दिवसात उरकलं. छापखान्याच्या मालकीणबाईंना या वेगाचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी गठ्ठा चाळून बघितला. साठाव्या पानानंतर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. एक परिच्छेद दोनदा आला होता, आणि अकरावं प्रकरण संपून थेट तेरावं सुरू झालं होतं.

"काका, बारावं कुठे गेलं?" बाईंनी विचारलं.

दुसऱ्या कोणी मान खाली घातली असती. काका म्हणाले, "तेच मी विचारणार होतो. तो कप्तान पोहत किनाऱ्याला लागला की नाही?"

बारावं प्रकरण कॉम्प्युटरवर सापडलं. काकांनी ते अक्षरजुळणी करणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहून वाचलं, आणि मग बाईंच्या हुकमावरून सगळी प्रुफं पहिल्यापासून तपासली. ही शिक्षा आहे असा बाईंचा समज होता.

सिनेमा लागला तेव्हा काकांनी घरात जाहीर केलं की कामाचा भाग म्हणून आपल्याला तो बघावा लागेल. बायको वर्षानुवर्षं आपल्या बहिणीबरोबर सिनेमाला जात असे. नवऱ्याला विचारणं तिने केव्हाच सोडलं होतं. तिने मुकाट्याने बहिणीला या खेपेला येऊ नकोस असं कळवलं.

पुस्तकाशी काय काय जुळलं पाहिजे याची यादी करून काका थिएटरात बसले. पडद्यावरच्या कप्तानाला दोन्ही कान शाबूत होते, कारण नट देखणा होता. काकांनी ही फसवणूक पुढच्या तीन रांगांना कळवली. मग जहाज खडकांत सापडलं, यादी खाली पडली आणि काकांनी बायकोचं मनगट जे धरलं ते मध्यंतरापर्यंत. मध्यंतरात ते जागेवरून हललेही नाहीत. म्हणे जागा जाईल. तिकिटांवर नंबर होते.

बाहेर पडताना बायको म्हणाली, "त्या लोकांना बेटावर सोडलं ते बरोबरच केलं."

काका जिन्यावर थबकले. "सिनेमा बघून बोलू नकोस. पुस्तक वाचलंयस?"

"शाळेत असताना. दोनदा."

तीस वर्षांच्या संसारात तिने काय काय वाचलंय हे विचारायची काकांना गरज पडली नव्हती. दोघं भांडत भांडत घरापर्यंत चालत गेले. बस समोरून गेलेली कोणालाच दिसली नाही. भांडण दोन दिवस चाललं आणि काकांना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, घरी जायची घाई होऊ लागली.

आता बायको वाचनालयातून समुद्रावरची कादंबरी आणते. प्रत एकच, दोघं आळीपाळीने वाचतात, आणि बायको कायम काकांच्या शंभर पानं पुढे असते. काकांनी आमटीत मीठ कमी असल्याचं काढलं की ती शांतपणे विचारते, "शेवट सांगू?" काका मुकाट्याने जेवतात.