सोमवारचा उपास

रडवणं हा माझा धंदाच आहे. वर्ध्यात मी लग्नाचे व्हिडिओ करतो. नवरीच्या पाठवणीला अशी सारंगी टाकतो की वरपक्षाकडचेही डोळे पुसतात. पण डोक्यात खूळ शिरलं, एक खरी डॉक्युमेंट्री करायची. विषय घरातच होता. माझा सख्खा मामा एका लहानशा प्राणिसंग्रहालयात बिबटीला सांभाळतो. हिंगणीकडच्या तुरीच्या वावरात ती पिल्लू असताना सापडली, तेव्हापासून तिचं खाणंपिणं त्याच्याच हातचं.

शुक्रवारी सावंगीच्या कॉलेजात विद्यार्थ्यांना फिल्म दाखवायची होती. त्याआधी सोमवारी संध्याकाळी सिंदी मेघेला मामाच्या घरी टीव्हीवर लावली. मामीनं माझ्यासाठी भजी तळली होती.

पडद्यावर बिबटी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारते. मागं सारंगी. मग गजांजवळ रिकाम्या हातानं उभा मामा, आणि चाव्यांचा खणखणाट. त्यावर माझाच जड आवाज, "हिची जन्मठेप कधी संपणार?" मामीनं पदर डोळ्याला लावला. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या!

मामा हलला नाही. पुढं केलेली भज्यांची प्लेटही त्यानं बाजूला सारली. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. महिन्याभरात रिटायर होणाऱ्या माणसाला मी अख्ख्या कॉलेजसमोर जेलर म्हणून उभा करणार होतो, आणि तोही माझा मामा!

"हे सोमवारी काढलं काय रे?" मामानं विचारलं.

"हो. झू बंद असते ना, गर्दी नसते."

"अरे बावा, सोमवारी तिचा उपास राह्यते. अशा जनावरायले आठवड्यात एक दिवस मांस देत नाई, पोट बरं राह्यते. माह्या सायकलचा आवाज आला का ती उठून फेऱ्या मारते. तिले वाटते, आज तरी आणलं असन."

मी रिमोटनं फिल्म थांबवली.

"अन् चाव्या कोणाच्या वाजवल्या?"

"माझ्या कपाटाच्या."

मामानं खिशातून चाव्यांचा जुडगा काढला. जुन्या लुगड्याच्या चिंधीत घट्ट गुंडाळलेला. "ती दचकते," तो म्हणाला. इतक्या वर्षांत एकदाही त्या वाजू दिल्या नव्हत्या त्यानं! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मंग हे सारं काढून टाकू काय?" मी विचारलं.

"काऊन? ती कोंडलेली हाये, हे खोटं थोडीच हाये? मलेही बरं नाई वाटत. पण त्याच्यासाठी खोट्या चाव्या कायले पाह्यजे?"

एवढं बोलून तो हातपाय धुवायला गेला. मी मामीला हळूच विचारलं, "मामा लय रागावला काय वं? भज्यालेही हात नाई लावला."

"रागावतीन कायले? सोमवार होय आज. सोमवारी ते नुसत्या चहावर राह्यतेत."

मी चक्रावलो. आमच्या बौद्ध घरात सोमवार कोणी धरत नाही. "कोणासाठी?"

"तिच्यासाठी. ती उपाशी अन् आपण कसं जेवाव, म्हणतेत. मी भांडून भांडून थकले. कोणाले सांगजो नको, हासतीन लोक."

मी हातातल्या प्लेटकडे पाहिलं. अर्धी भजी मीच संपवली होती. असल्या माणसाच्या रिकाम्या हातांमागं मी सारंगी वाजवली होती.

चाव्या काढल्या, सारंगी काढली, माझं भाषणही काढलं. त्या जागी सायकलची करकर टाकली. शुक्रवारी सावंगीला कोणी रडलं नाही. सगळे चुपचाप पाहत बसले. मामा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. संपल्यावर एका पोरीनं विचारलं, "काका, ती एवढी वाट पाहत होती, आणि तुम्ही रिकाम्या हातानं का गेलात?"

मामा उभा राहिला. "सोमवार होता, बाई. उपास होता," तो म्हणाला. आणि त्यानं बिबटीच्या उपासाबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं. फक्त तिच्याच.