फाटकाशी थांबलेली बस

अकोट-अकोला रेल्वे रुंदीकरणासाठी बंद होती, तोवर मी रोज बसनेच अकोल्याला जायचो. थांब्यावर मेथीचं टोपलं घेऊन एक बाई असायची. कंडक्टर टोपल्यावरून रोज कटकट करायचा. कधी तर घंटी मारून तिला खालीच सोडायचा. "रेल्वे सुरू होऊ दे, मंग तुले सांगतो," ती पदराने घाम पुसत म्हणायची. रेल्वेच्या तारखा येत आणि टळत. तिचं वाक्य मात्र टळलं नाही.

अखेर गाडी सुटली. माझ्यासमोर तिने टोपलं खिडकीशी ठेवलं आणि स्वतः कडेला बसली. वाटेत फाटकाशी तीच बस अडकलेली, दारात तोच कंडक्टर. तिने खिडकीतून त्याला मेथीची जुडी दाखवली.

"थांब आता. आमची गाडी जाऊन राहिली."