खड्ड्याची खूण

राजाजीनगरच्या एका बँकेत अण्णा कॅशियर होते, पण मी त्यांना ओळखायचो ते पाठीवरून. नव्वदीतल्या त्या वर्षांत मी सायकल रेसिंगमध्ये अगदी नवा होतो. दर रविवारी पहाटे तुमकूर रोडवर, वारा लागू नये म्हणून, त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून चालवायचं, एवढंच मला जमायचं. तसं चालवताना पुढचा रस्ता दिसत नाही. खड्डा आला की अण्णा त्या बाजूचा हात खाली सोडून बोट दाखवायचे आणि मी डोळे झाकून दुसऱ्या बाजूला व्हायचो. बोलणं जवळजवळ नाहीच. मला धाप लागलेली ऐकू आली, तर मागे न बघता, कानडी मिसळून, "स्वल्प हळू" म्हणायचे.

माझ्या पहिल्या रेसमध्ये शेवटच्या सरळ पट्ट्यात आम्ही दोघंच पुढे होतो. छाती फुटायला आली होती. अण्णांचा डावा हात खाली गेला. मी झटकन उजवीकडे झालो, वारा थोबाडीत बसावी तसा बसला आणि अण्णा पुढे सुटले. मी वळून पाहिलं. रस्ता गुळगुळीत होता.

नंतर त्यांनीच मला शहाळं आणून दिलं.

पुढच्या रविवारी तोच हात पुन्हा खाली गेला. या वेळी मी दात आवळून सरळ गेलो आणि खड्ड्यात आपटलो.

अण्णा मागे फिरले. माझा सोललेला गुडघा बाटलीतल्या पाण्याने धुताना त्यांचा चेहरा खरोखरच दुखावलेला दिसत होता.

"काय रे, प्रॅक्टिसला कधी तरी खोटं सांगितलोय का मी?"